बगळ्याचे चार सेकंद

४ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. पुढेमागे माझ्या कामाचा कुणी अभ्यास करायला घेतला, तर माझ्याकडे तारखा असाव्यात. दाखवणार कुणालाच नाही.
वय त्रेपन्न. ॲनिमेशन दिग्दर्शक. एक सहा मिनिटांची फिल्म, तिला एकोणीस वर्षांपूर्वी बक्षीस. सध्या पूर्ण लांबीचा सिनेमा, हातानं काढलेला, वर्ष सातवं. गोष्ट बगळ्याची आणि बेडकीची. बगळा तळ्याकाठी उभा राहून आयुष्याबद्दल बोलतो. बेडकी तळं सोडून जाते. सिनेमा अर्थातच बगळ्याचा. बेडकी आपली मधेमधे.
संकल्प: रोज बगळ्याची बारा चित्रं. निदान दहा.

४ मार्च, संध्याकाळ
चित्रं शून्य. पेन्सिलींना टोकं केली. तयारीत कसूर नको.

७ मार्च
निर्मात्यांचा फोन. ते मला मास्तर म्हणतात, आदरानं. म्हणाले की सिनेमा सुरू केला तेव्हा मुलीला दाखवायचा बेत होता, आता तिलाच मुलगी झाली. मी अभिनंदन केलं. मग म्हणाले की ३० एप्रिलला चाळीस मुलं बोलावतोय, जे काही झालंय ते सलग जोडून दाखवा. मुलं रमली तर पुढे जाऊ, नाहीतर सिनेमा दुसऱ्या कुणाच्या हातात देईन.
माझा सिनेमा आणि दुसऱ्याच्या हातात! खूप हसलो. नंतर रात्री तीनपर्यंत जागा होतो. कॉफी कमी करायला हवी.

९ मार्च
आढावा. बगळा फक्त मी काढतो, इतरांच्या आवाक्यातला नाही. सात वर्षांत चार सेकंद पूर्ण झाले, त्यात तो मान वळवतो. पण काय वळवतो!
बेडकी किरकोळ काम म्हणून असिस्टंटकडे दिली होती. तिला मी मुंगी म्हणतो, खाली मान घालून चालूच असते म्हणून. मुंगीची बेडकी एकेचाळीस मिनिटं तयार आहे. नुसता उरक. उरक म्हणजे कला नव्हे, हे तिला एकदा समजावलं. हो सर म्हणाली आणि पुन्हा खाली मान.

१५ मार्च
आज बेडकीच्या आवाजाचा विषय निघाला. आमच्या धंद्यात आधी आवाज रेकॉर्ड करतात, मग तो ऐकत ऐकत पात्राच्या तोंडाची उघडझाप काढतात. चांगली नटी मिळेपर्यंत घरचंच कुणीतरी तात्पुरतं बोलतं. आमच्याकडे बायको. सात वर्षं दर रविवारी सकाळी कपड्यांच्या कपाटात बसून बेडकीचं बोलते आहे. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. पहिल्या वर्षी हिनं विचारलं होतं, माझं नाव येईल का हो. मी समजावलं की तात्पुरत्याचं नाव घालत नाहीत. पुन्हा कधी विचारलं नाही. स्वभावानं समजूतदार. आवाज मात्र अगदीच घरगुती.

२२ मार्च
एक मोठी अभिनेत्री बेडकीसाठी तयार झाली. हिला सांगितलं की चला, सुटलीस एकदाची. ही पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिली. आनंद दाखवायची एकेकाची पद्धत असते.
बगळ्याची चित्रं: दोन. दोन्ही फाडली.

२ एप्रिल
स्टुडिओत अभिनेत्री. पडद्यावर बेडकी, समोर माइक. पहिलंच वाक्य बसेना. बेडकी ‘मी’ म्हणते, थांबते, आवंढा गिळते, मग ‘निघाले’ म्हणते. अभिनेत्री एका दमात म्हणून मोकळी. बाईंचं वाक्य संपलं तरी बेडकीचं तोंड चालूच. सव्वीस वेळा केलं.
शेवटी त्यांनी विचारलं की मधल्या सगळ्या प्रसंगांत बेडकीचं तोंड असं उघडं का. मुंगी हळूच म्हणाली की त्या वर्षी मॅडमना सर्दी फार होती, नाक चोंदलेलं, आवाजात जे होतं तेच काढलं. म्हणजे एकेचाळीस मिनिटं हिच्या सर्दीवर बेतलेली! मी विचारलं, खऱ्या आवाजासाठी थांबता येत नव्हतं? तर म्हणते की सर, दरवर्षी विचारत होते, तुम्ही म्हणायचात बगळ्याच्या वेळी बेडकीचं काढू नकोस. चोराच्या उलट्या बोंबा.
अभिनेत्रीनं हिचं मूळ रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं. मग पर्स उचलली आणि म्हणाली की तुमच्याकडे या बाई असताना मला कशाला त्रास दिलात.
नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरं काय!

३ एप्रिल
हिनं विचारलं, काल कसं झालं. मी म्हटलं, तांत्रिक अडचण. बाकीचं सांगितलं नाही. उगाच डोक्यात हवा जायची.

१४ एप्रिल
बगळ्याचा आवाज माझाच आहे, तोही पक्का. अकरा मिनिटांचं भाषण एका दमात दिलं. चित्रं नसल्यामुळे सध्या एकच चित्र अकरा मिनिटं दिसेल. मुंगीनं भीत भीत सुचवलं की भाषण तीन मिनिटांवर आणावं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिच्या बेडकीचं एक वाक्य कापलं तर चालेल का तिला?

२६ एप्रिल
झोपेतून उठता उठता उमगलं, बगळ्याचा डोळा चुकलाय. नवा डोळा ठरवला. आता मान वळवणं पहिल्यापासून काढावं लागणार. म्हणजे बगळा तयार: शून्य सेकंद. पण दिशा सापडली हे महत्त्वाचं.

३० एप्रिल, दुपारी ४
मुलं आली होती. हीसुद्धा मागच्या रांगेत. सगळं सलग आज पहिल्यांदाच बघत होती.
बेडकी पडद्यावर आली की हशा. तळं सोडताना ती आवंढा गिळते, तिथे पुढची एक मुलगी रडायलाच लागली. मग बगळा. पहिलं मिनिट पूर्ण शांतता. मंत्रमुग्ध. दुसऱ्या मिनिटाला एकानं विचारलं, मशीन बिघडलंय का. चौथ्या मिनिटाला दोघं सूसूला गेले, त्यांच्यामागे बारा. सहाव्या मिनिटाला उरलेली सगळी खुर्च्या वाजवून बेडकी आणा, बेडकी आणा म्हणत होती. निर्मात्यांनी हात वर करून बगळा पुढे पळवायला सांगितला. पुढे पळवला तरी तो दिसायला तसाच.
गाढवापुढे वाचली गीता.
ही तोंडावर रुमाल धरून बसली होती. मी लांबून खूण केली की घाबरू नकोस, तुझा आवाज काढून टाकू.

२ मे
निर्मात्यांच्या ऑफिसात तिघांना बोलावणं. मी, मुंगी आणि ही. हिला कशाला, कळेना. सात वर्षांच्या त्रासाबद्दल फुलंबिलं देणार असतील.
निर्माते म्हणाले, मुलं बेडकीवर फिदा आहेत, सिनेमा बेडकीचाच. बगळा जाणार. आणि मास्तर, तुम्ही थकला आहात. पुढचं तुमच्या असिस्टंट बघतील.
मी शांतपणे सांगितलं की साहेब, बाकी काहीही बदला, सातव्या वर्षी दिग्दर्शक बदलता येत नाही. सगळं मोडून पडेल. निर्मात्यांनी मुंगीला विचारलं, काय काय मोडेल? मुंगीनं वही उघडली. तिलाही वाईट वाटत होतं, वर बघत नव्हती. म्हणाली, आवाज बदलला तर एकेचाळीस मिनिटं पुन्हा काढावी लागतील. सर बदलले तर एकही चित्र पुन्हा काढावं लागत नाही.
मी हिच्याकडे बघितलं. निदान ही तरी काही बोलेल म्हणून. ही कागद वाचत होती, ओळीवर बोट ठेवून. करार. मी समोरून उलटा वाचला. हिचं नाव सगळ्यात वर, तात्पुरता हा शब्द कुठेच नाही. सही करायच्या आधी हिनं पेन चालतं का ते तळहातावर बघितलं.
आयत्या बिळावर नागोबा, दोघीही!
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी येताना मी एक शब्द बोललो नाही आणि ते हिच्या लक्षातही आलं नाही. संवाद पाठ करत होती.

९ मे
माझ्याशिवाय तिथे पान हलणार नाही. आठवडाभरात पाय धरत येतील. फोन चार्जिंगला लावून शेजारीच बसलो.
सव्वादहाला वाजला. गाडी खाली आलीय, मॅडमना पाठवा. पाठवलं.

२१ मे
हिच्याकडून कळलं की बगळा अगदीच काढून टाकलेला नाही. शेवटी बेडकी जाताना लांबवर धुक्यात एक उभा आहे, मान वळवून बघतो. कुणीतरी नव्या पोरानं चार दिवसांत काढून दिला. हिनं फोनवर दाखवला. मी म्हटलं, अगदी बाजारू. ही अंघोळीला गेल्यावर पुन्हा बघितला. मान बरी वळवली आहे. नऊ वेळा बघितला.

३ जून, सकाळी ७
नवा सिनेमा! संपूर्ण माझा. मधे ना निर्माता, ना मुंगी. एक म्हातारी हंसीण, एकटी बोलते. शिस्त अशी: आधी आवाज, मग चित्र, या वेळी गफलत नाही. संकल्प: दिवसाला वीस चित्रं.

३ जून, सकाळी ९.३०
ही दाराशी चपला घालत होती. मी म्हटलं, रविवारी थोडा वेळ काढ, हंसिणीचं बोलायचं आहे. तात्पुरतंच. हिला खरंच अवघडल्यासारखं झालं. म्हणाली, अहो, नाही हो चालणार. सिनेमा लागेपर्यंत दुसरीकडे कुठेही आवाज द्यायचा नाही असं करारात आहे, घरीसुद्धा. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, तोवर तात्पुरतं दुसरं कुणीतरी बघा ना.
गेली.

३ जून, दुपारी १
फोनमधली नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. मी सांगितलं म्हणून सात वर्षं कपाटात बसून बोलेल असं दुसरं कुणी नाही. चित्रं: शून्य.