भावी जावयाची डोंगरपरीक्षा

१६ ऑक्टोबर, सोमवार
दाहेने आज जेवताना जाहीर केलं की तिला लग्न करायचंय. विचारलं नाही, जाहीर केलं. मुलगा चुनछन शहरातला, नाव नामगुंग ह्योक. आमच्याकडे आडनाव एका अक्षराचं, याचं नामगुंग दुमजली; पगार तळमजल्यावर. काम काय, तर बालवाडीत मास्तर! बत्तीस वर्षं मी जहाजांच्या कंपनीत काढली, विभागप्रमुख कू मान-सक म्हणून निवृत्त झालो, आणि एकुलत्या एक मुलीने शोधला तो पोरांचे शेंबूड पुसणारा.

दाहे म्हणाली, बाबा, तुमचा होकार नसेल तर मी नाही करणार लग्न, पण आधी एकदा भेटा तरी त्याला. भेटतो की. डोंगरावर भेटतो. माणसाची लायकी चढावर कळते. बुखानसान डोंगराची धार, जुन्या तटाच्या कडेने, सात तास. तिसऱ्या तासाला तोच म्हणेल, नको मला ही मुलगी. माझ्यावर बालंट नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
सराव सुरू. लिफ्ट बंद, रोज अकरा मजले जिन्याने. तिसऱ्या मजल्यावर शेजारीण जड पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघत होती. सोबत म्हणून तिच्याबरोबर लिफ्टने आलो. पिशव्या तिनेच धरल्या होत्या. उद्यापासून नक्की.

दाहे चुनछनला गेली की घरात मी एकटा. तिची आई जाऊन चार वर्षं झाली. याचा नकाराशी काहीएक संबंध नाही. नकार तत्त्वाचा आहे.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
जिने: दोनदा. (उतरताना.) गुडघे वाचवून ठेवलेत.

माळ्यावरून डोंगराचे बूट काढले. ऑफिसच्या गिर्यारोहण मंडळाच्या काळातले, अकरा वर्षं खोक्यात, चारदाच घातलेले. म्हणजे नवेच. जाकीट हिमालयात चालेल असं. दाहे म्हणाली, बाबा, डोंगर आठशे मीटरचा, त्यावर आज्या सँडल घालून जातात. जात असतील. मी आजी नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ८:१०, गुपाबाल स्टेशन
लख्ख ऊन. परीक्षार्थी वेळेआधी हजर. पाप्याचं पितर. पायात कॅनव्हासचे बूट! वाकून म्हणाला, नमस्कार बाबा. मी म्हटलं, बाबा अजून नाही, विभागप्रमुख साहेब म्हण. बरं म्हणाला. लगेच ऐकणारी माणसं मला आवडत नाहीत.

सकाळी १०:३०
माझी पिशवी त्याने मागितली. दिली. बघू किती ओढतो ते.

पोरगं खचलंय. थेट सांगायला लाजतं, म्हणून खेळ काढतं: साहेब, त्या पिवळ्या झाडापर्यंत जायचं, मग खाऊ. मी त्याच्या मानासाठी पाच झाडांपाशी थांबलो. किंबापच्या पाच भातगुंडाळ्या आणि अर्धी काकडी खाल्ली. बसल्यावर शाबास म्हणाला. उद्धट.

सकाळी ११:५०
वरून लाल टोपीवाली बाई उतरत होती. विचारलं, किती राहिलं? म्हणाली, आलंच की! दहा मिनिटं! मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. चाळीस मिनिटांनी दुसरी भेटली. आलंच की, दहा मिनिटं! या देशात उतरणारा प्रत्येक जण हेच सांगतो. मीही जन्मभर लोकांना हेच सांगितलं, तेवढाच धीर. पण मला कुणी सांगावं?

दुपारी १:१५, दक्षिण दरवाजा, धारेवर
पोचलो. पहिला मीच. (ह्योक बुटाची नाडी बांधायला थांबला. नाडी सुटलेली नव्हती.) खाली सगळं शहर, तटाकडेला मेपल लालभडक. ठीक आहे.

दुपारी २:०५
डाव्या बुटाचा सोल निघाला. अख्खा. दहा पावलांवर उजव्याचा. अकरा वर्षांत गोंद मेला होता म्हणे. ह्योक हसला नाही. खिशातून डायनासोरची चित्रं असलेली चिकटपट्टी काढून त्याने माझे दोन्ही पाय गुंडाळले आणि विचारलं, हिरवा हवा की जांभळा? जांभळा म्हटलं. प्रश्न मूर्खपणाचा होता.

दुपारी ३:२०
चिकटपट्टी फाटली. पुढे खडकाळ उतार. ह्योक माझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला. या बाबा. मी म्हटलं, विभागप्रमुख. या विभागप्रमुख साहेब, पाठीवर या.

त्याची ताकद तपासायची संधी होती, म्हणून बसलो.

वाटेत बायकांचा एक घोळका टाळ्या वाजवत ओरडला, अगं बघ, बापाला पाठीवर घेतलंय! काय गुणी मुलगा! तो धापा टाकत म्हणाला, अजून मुलगा झालो नाही हो, आज परीक्षा आहे. एक जण मला म्हणाली, पास करा की आजोबा! आजोबा!

पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. डोळे मिटून त्याचा श्वास तपासत होतो.

संध्याकाळी ६:३०
पायथ्याला मक्कॉलीचे, तांदळाच्या दारूचे, दोन वाडगे. निकाल: नापास. कारणं: १. कॅनव्हासचे बूट. २. चालण्यात वेग नाही, सारखा माझ्यामागे. ३. शिस्त नाही, डायनासोर. उद्या सकाळी दाहेला नकार सांगणार. शब्द ठरलेत.

२९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९:००
दाहे अंघोळीला गेलीय. तिचा फोन टेबलावर टिंग वाजला. मी कुणाचे निरोप वाचत नाही. समोरच होता, ह्योकचा.

ह्योक बालवाडीत रोज प्रत्येक पोराच्या आईबापांना चार ओळी लिहून पाठवतो. तसंच लिहिलंय:

‘काल कू मान-सक यांनी डबा छान संपवला. कुणी पुढे गेलं की रुसतात. दमल्यावर सांगत नाहीत, त्यामुळे चेहऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं. जांभळा रंग आवडतो. पाठीवर झोप लागली. झोपेत तुझ्या आईला म्हणत होते, ऐक गं, पाणी संपलं. दाहे, तू म्हणाली होतीस, त्यांच्याबरोबर राहणं जमेल का ते आधी बघ, मगच आपलं लग्न. मला जमेल. त्यांना इथे एकटं ठेवायचं नाही. चुनछनच्या घरातली खालची खोली त्यांना देऊ.’

म्हणजे परीक्षा माझी होती! आणि मला पास केलंय त्या शेंबूडपुशाने!

सकाळी ९:२०
दाहे अजून आत आहे. नकाराचे शब्द आठवत नाहीत. डोळ्यांत काहीतरी गेलंय, दोन्ही डोळ्यांत.

पाठीवर झोप लागली हे धादांत खोटं आहे. शिवाय खालच्या खोलीला खिडकी आहे की नाही, हे त्याने कुठेच लिहिलेलं नाही.