फ्रेंच रॅपचं सात दिवसांचं पारायण

पंचवटी, नाशिक
बुधवार

ती. सुमनआक्का,

धाकट्या मल्हारीचा वाकून नमस्कार (गुडघ्याने परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे, बाकीचा मनात धरून घे). दाजींच्या पायाची सूज उतरली का? पस्तीस वर्षं रेल्वेत लाल-हिरवं निशाण दाखवलेल्या माणसाला डॉक्टरांनी लाल निशाण दाखवून घरात बसवलं, म्हणजे त्यांचे काय हाल होत असतील आणि त्यांच्यापायी तुझे काय होत असतील, याची मला कल्पना आहे. मनमाडला नळ सध्या किती दिवसांनी येतो तेही कळव. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. उज्वला म्हणते की तिची शुगर आटोक्यात आहे, माझी जीभ नाही. पत्रास कारण म्हणशील तर तसं काही नाही. रिकामा बसलो होतो, म्हटलं इकडची हकीकत कळवावी.

तर हकीकत सायलीची. आपला दीपक टुलूजला विमानाच्या कारखान्यात आहे हे तू जाणतेसच. बापाने ओझरला विमानांना पंख जोडले, पोरगा त्याच धंद्यात पण फ्रान्सात, म्हणजे घराण्याने प्रगती केली असं लोक म्हणतात. पण या प्रगतीत त्याची सायली पंधरा वर्षांची झाली आणि माझ्या हातून निसटली. दर रविवारी संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल व्हायचा. ती यायची, कानात बोंडं घातलेली, "हाय आबा" म्हणायची, आणि मी चष्मा सारखा करेपर्यंत "बाय आबा" म्हणून जायची. मराठी तिला कळतं, बोलताही येतं, पण वापरायला माणूस नाही. काय ऐकतेस गं एवढं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, फ्रेंच रॅप, तुम्हाला नाही कळणार. आक्का, खरं सांगतो, मला त्या दिवशी भीती वाटली. उद्या मी गेलो तर या पोरीला आजोबा म्हणजे फोनमधला एक चष्मा, एवढंच आठवेल. ही भीती मी उज्वलालाही बोललो नाही, तुलाच लिहितो आहे.

आता "तुम्हाला नाही कळणार" हे वाक्य फिटरला ऐकवू नये. आम्ही रशियन अक्षरातले नकाशे लावले, गाणं काय चीज आहे. मी उठलो आणि भाजीबाजारामागच्या कुंदनच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. (हा कुंदन म्हणजे फोन दुरुस्त करतो, पण गिऱ्हाइकाचा फोन दुरुस्त होईपर्यंत त्याचं डोकं बिघडवतो.) त्याला म्हटलं, फ्रेंच रॅप भरून दे. त्याने माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या मेथीच्या जुडीकडे पाहिलं आणि एका कार्डात बारा गाणी भरून दिली. घरी येऊन पहिलं लावलं. एक गडी धाप लागल्यासारखा भराभर बोलतो आहे, आणि त्याच्यामागे कोणी बाई फाटक्या, उंच आवाजात काहीतरी आळवते आहे, डफासारखं काही वाजतं आहे, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध दिसेना. मी ओळखलं की कार्डात गळती आहे, दोन गाणी एकात एक उतरली आहेत. परत दुकानात जाऊन बदलून मागितलं. कुंदन म्हणाला, "काका, ते तसंच हे. मुद्दाम केलंय त्यांनी." मला ते पटलं नाही, पण दुसऱ्या कार्डातही ती बाई होतीच.

मग मी आपल्या पद्धतीने कामाला लागलो. आपली पद्धत म्हणजे पाठांतर. आपल्याकडे अर्थाचं कोणी विचारतं का? आधी पाठ होऊ दे, अर्थ काय, येईल मागून चालत. शंभर पानी वही घेतली, ऐकून ऐकून सगळं देवनागरीत उतरवलं, सात भाग पाडले आणि सात दिवसांचं पारायण मांडलं. सकाळी आंघोळ, पाटावर बैठक, समोर वही. उज्वलाने पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून सवयीने निरांजन लावायला लागली. सातव्या दिवशी शेजारच्या कुसाबाई प्रसादाला आल्या आणि पोथी कुठल्या देवाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, परदेशातला आहे, पण कडक आहे. त्यांनी वहीला हात लावून नमस्कार केला आणि लेकीच्या बदलीचं साकडं घातलं. (बदली झाली, आक्का. मला आता त्यांना तोंड दाखवायची चोरी झाली आहे, त्या वही मागतात.)

रविवारी कॉल लागला. सायली "हाय आबा" म्हणाली आणि ती पुढचं बोलायच्या आत मी वहीतलं पहिलं गाणं सुरू केलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद, एक अक्षर चुकलो नाही, आणि शेवटी सवयीने हात जोडले. सायलीने तोंडावर हात धरला आणि ती पळून गेली. मग पडद्यावर दीपक आला. एवढा लाल तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. त्याने हळू आवाजात सांगितलं ते असं, की मी जे म्हटलं त्यात एका पोलिसाच्या मातोश्रींचा उल्लेख अकरा वेळा आहे, एकदाही आदराने नाही. की तिकडे दुपारची जेवणाची वेळ आहे. आणि सूनबाई तृप्तीने ऑफिसातल्या मैत्रिणीला सहकुटुंब जेवायला बोलावलं आहे, तिचा नवरा पोलिसात आहे. एवढं सांगून त्याने फोन ठेवला. सुनेच्या घरी पाहुण्यांसमोर मी, सहासष्ट वर्षांचा माणूस, हात जोडून शिव्या देऊन मोकळा झालो होतो.

पुढचे दोन रविवार सायली कॉलवर आली नाही. अभ्यास आहे, असं तृप्ती म्हणाली, तिच्या स्वभावाप्रमाणे गोड बोलून. माझं जेवण गेलं. उज्वला म्हणाली, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आता तरी गप्प बसा. मी वही माळ्यावर टाकून दिली.

आणि मग एका मंगळवारी, कुठल्या तरी परक्या नंबरवरून फोन आला. बघतो तर सायली, आणि तिच्याशेजारी कुरळ्या केसांची आणखी एक पोरगी. दोघी हसून हसून बोलू शकत नव्हत्या. ती पोरगी इनेस, सायलीच्या वर्गातली, तिचे आजी-आजोबा अल्जीरियाचे. सायलीने माझं म्हणणं म्हणे चोरून फोनवर पकडून ठेवलं होतं आणि गेले दोन आठवडे ते अख्ख्या वर्गात फिरत होतं. इनेसचा निरोप असा, की या आजोबांचा 'र' कच्चा आहे, तो घशाच्या मागून काढायला हवा, पण दम चांगला आहे. त्या दिवशी सायली माझ्याशी बावन्न मिनिटं बोलली. मी घड्याळ लावलं नव्हतं, फोनमध्येच दिसतं ते. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझी शिकवणी असते, आणि ती स्वतःहून फोन करते. आक्का, मला एवढा आनंद पहिल्या पगाराला झाला नव्हता.

गळतीचाही उलगडा झाला. मागे आळवणारी ती बाई अरबीत गाते. या रॅपवाल्यांचे आजे-पणजे समुद्रापलीकडून, अल्जीरियातून, मोरोक्कोतून, कारखान्यात आणि बांधकामावर राबायला आले. पोरं तिकडेच जन्मली, फ्रेंचच बोलतात, पण राग आला किंवा माया दाटली की तोंडून आजीची भाषा निघते. आणि गाण्यात आजीची गाणी घालतात, डफासकट. मला हे लगेच समजलं. ओझरच्या कॉलनीत आम्हीसुद्धा साहेबापुढे पुस्तकातलं बोलायचो आणि भांडण पेटलं की निफाडचे व्हायचो.

अरबी म्हटल्यावर मी जुन्या नाशकात युनूसभाईंकडे गेलो. (तुला आठवत असतील, माझ्याच शॉपमधले, निवृत्तीनंतर सहा वर्षं शारजात काढलेले.) त्यांनी डोळे मिटून कार्डातली तीन गाणी ऐकली, चहा थंड होऊ दिला, आणि म्हणाले, "मल्हारी, ये अरबी नहीं है. अरबी की अहिराणी है. आधी समझी, आधी अंदाजे से." पण जे समजलं त्यावर आम्ही दोन तास बसलो. तिकडची पोरं डॉक्टरला 'तुबीब' म्हणतात, तो उर्दूतल्या तबीबाचा सख्खा भाऊ. मौज वाटली की 'किफ' म्हणतात, म्हणजे आपला कैफ. गरीब बिचाऱ्याला 'मिस्कीन'. युनूसभाई म्हणाले, वकील, हवा, इमारत, खुर्ची, सगळा माल तिकडचाच. म्हणजे मी ज्या परदेशी पोथीचं पारायण केलं तिचे पाव शब्द माझ्या तोंडात आधीपासून होते आणि मला पत्ता नव्हता. एक शब्द मात्र आपल्याकडे आला नाही. 'ब्लेद'. सारखा येतो त्या गाण्यांत. ब्लेद म्हणजे मागे राहिलेलं गाव, आजीचं गाव.

आता मुद्द्याजवळ आलो. सायली आणि इनेस दोघी मिळून एक गाणं करत आहेत, त्यांच्या भागातल्या पोरांच्या जलशासाठी. अर्धं इनेसचं, अर्धं सायलीचं. इनेसच्या आजीने स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता एक जुनं गाणं म्हटलं, ते तिने फोनमध्ये धरून आपल्या भागात घातलं. सायलीच्या भागात अर्ध्या मिनिटाची जागा रिकामी आहे. तिने मला विचारलं, आबा, माझं ब्लेद कुठलं, आणि तिथलं कोण गातं? मी लगेच आमच्या भजनी मंडळाचा एक अभंग म्हणून दाखवला. तिने मान देऊन ऐकला आणि म्हणाली, आबा, तुम्ही शिव्याच द्या, त्यात तुम्ही छान वाटता.

तेव्हा मी तिला तुझं सांगितलं. सांगितलं की तुझी आत्याआजी बारा वर्षांची असताना जात्यावर बसून जागच्या जागी ओव्या रचायची, ज्याचा राग आला त्याचं नाव घालून, आणि गावातली निम्मी माणसं दळणाच्या वेळी त्या घरावरून जायला बिचकायची. तू माझ्यावर केलेली एक मला आठवली, ती म्हटली:

ओझरच्या मिस्तरीला विमानाचं लागलं येड
बहिनीच्या वाटंला गं त्याची सायकल झाली जड

सायलीने ती चार वेळा म्हणून घेतली, इनेसला समजावून सांगितली, आणि दोघी ओरडल्या की हा तर रॅपच आहे.

असो. फार लांबलं. तुमच्याकडे लहान कोणी उरलं नाही, तेव्हा आशीर्वाद मांजरीला सांग. दाजींना नमस्कार.

तुझा,
मल्हारी

ता. क. – सायलीला आवाज तुझा हवा आहे. माझ्या तोंडची ओवी चालत नाही, म्हणते. अर्धं मिनिट पुरे. जातं नसलं तरी चालेल, परात फिरव. येत्या रविवारपर्यंत पाठवायचं आहे, आणि तोवर ती जागा ती दुसऱ्या कशाने भरणार नाही, असं तिने मला सांगितलं आहे.

दुसरी ता. क. – तू सतरा वर्षांत कुठल्याच कार्यात गायली नाहीस, आणि का ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. दीपकच्या हळदीला तू जात्यापाशी बसून त्याच्यासाठी ओवी धरलीस, डीजेवाला ताटकळला होता, त्याची मित्रमंडळी हसत होती, आणि मी चारचौघांत म्हटलं, आक्का, आता बास कर. तू हाताचं पीठ झटकलंस आणि उठलीस. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. आज त्या वाटण्याची लाज वाटते. हे फोनवर बोलायला मला जमलं नसतं. चूक माझी होती, मला माफ कर.

तिसरी ता. क. – पाकिटाला तिकीट लावून पेटीपर्यंत गेलो होतो. उज्वला म्हणाली, असलं पत्र टपालाने पाठवत नाहीत. तेव्हा मी स्वतःच मनमाडला आलो. हे दाजींच्या हातून तुला आत मिळतं आहे, आणि मी बाहेर तुमच्या ओट्यावर बसलो आहे, आवाज धरायला फोन चालू करून. राग असेल तर बाहेर येऊन बोल, मी ऐकून घेईन. आणि गायचं असेल तर मला आत बोलावू नकोस, तशीच सुरू कर. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकणार आहे.