डाव्या चाकाची क्लिप

आप्पा, तुमची चूक सापडली. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि इतकी वर्षं ती तुमच्याच गाडीच्या पोटाखाली चिखलात माखून बसली होती. मागच्या रविवारी मी ती पक्कडीनं ओढून काढली, डिझेलमध्ये धुतली आणि उजेडात धरून बघितली. तुम्ही असता तर तुमच्या नाकासमोर धरली असती. तुम्ही गेलात तेव्हा मी रीतीप्रमाणे रडले होते. मागच्या रविवारी मात्र मला तुमच्या जाण्याचा राग आला. तुम्ही इतकी घाई करायला नको होती.

तुमची ती पांढरी गाडी धाकट्या भावानं गॅरेजमागच्या लिंबाखाली ताडपत्री टाकून ठेवली होती. महिन्यातून एकदा चालू करायचा, गेवराईतल्या गेवराईत एक चक्कर मारायचा आणि परत झाकायचा. यंदा म्हणाला, "ताई, तूच न्हे ही. इथं वाळूच्या गाड्यांची धूळ खाऊन सडून चाललीय." मी आता अंबाजोगाईला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते. मला गाडी हवी होती. घ्यायला आले, स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी बाहेर काढली, तर पुढून कट-कट-कट आवाज. "एक्सलचे बूट गेलेत," धाकटा म्हणाला. खाली वाकायच्या आधीच मला ठाऊक होतं की डावा आधी गेला असणार. तुमच्याकडं नेहमी डावाच आधी जायचा.

हे पत्र मी गॅरेजमध्ये तुमच्या फोटोखाली चिकटवणार आहे, येणारे-जाणारेही वाचतील, म्हणून तुम्हाला पाठ असलेलंच परत सांगते. इंजिनाची ताकद पुढच्या चाकाकडं नेणारा दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या टोकाला सांधा, आणि सांध्यावर पेटीच्या भात्यासारखी घड्यांची रबरी टोपी. तिला बूट म्हणतात. आत ग्रीस भरलेलं असतं. बूट टोकांना पत्र्याच्या पट्टीनं आवळायचा, त्या पट्टीला आपण क्लिप म्हणायचो. क्लिपचं शेपूट ओढायचं, उलटं दुमडायचं आणि पट्टीचे दोन छोटे कान त्यावर ठोकून बसवायचे. क्लिप सुटली की ग्रीस बाहेर येतं, वाळू आत जाते आणि सांधा खाऊन टाकते. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "डावं चाक कडंला चालतंय. खड्डे तेच खातंय, चिखल तेच खातंय. बूट डावाच जाणार." सगळी गेवराई मान डोलवायची. मीही डोलवायची.

डाव्याशी तुमचं वैर जुनंच. मी डावखुरी निघाले हे कळल्यावर तुम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापलीत आणि जेवायला बसले की माझं डावं मनगट स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या पायाला बांधायला लागलात. आई भाकरी वाढते, पण माझ्याकडं बघत नाही. "कावून त्यो हात पुढं करतीस? त्यो धुवायचा हात हाय, जेवायचा न्हाई." ट्यूब काचत नाही, नुसती ताणली जाते. मी एका हातानं खात होते आणि दुसऱ्या हातानं ती ताणत होते, दोन वेळा, रोज, पहिलीतून दुसरीत जाईपर्यंत. शेवटी उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला शिकले. आज गंजलेला नट सोडवताना माझ्या डाव्या मनगटात जो जोर येतो तो तुमच्या त्या ट्यूबचा आहे, तेवढं श्रेय घ्या.

बारावीनंतरच्या दोन उन्हाळ्यांत तुमच्या हाताखाली माणूस टिकेना म्हणून तुम्ही मला शेडमध्ये बोलावलंत. पहिल्या उन्हाळ्यात पाने उचलून दिले. दुसऱ्यात चाक उतरवून, एक्सल काढून, बूट बदलून परत बसवण्यापर्यंत आले. तुम्ही बघत असलात की उजवा हात, तुम्ही पाठ फिरवलीत की डावा. मला ते काम इतकं आवडायचं की सकाळी तुमच्याआधी जाऊन मी शेड उघडायची. घरी परतताना अंगाला ग्रीसचा वास यायचा आणि तो मला धुवावासा वाटायचा नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत.

मग एका डॉक्टरांची निळी गाडी आली. तिचं डावं चाक काढलेलं आहे. मी बूट बसवला आहे, ग्रीस भरलं आहे, क्लिप ओढून दुमडली आहे आणि हातोडी माझ्या डाव्या हातात आहे. तुम्ही मागून येता. "डाव्या हातानं ठोकतीस? सरक." तुम्ही माझी क्लिप पेचकसानं उचकटता, बाजूला फेकता, बिस्किटाच्या डब्यातून दुसरी घेता आणि उजव्या हातानं ओढून, दुमडून, तीन ठोक्यांत बसवता. "हे बघ. काम असं असावं." मी बघते. काम देखणंच दिसतं.

आठ दिवसांनी ती गाडी ट्रॅक्टरमागं बांधून आली. डावी क्लिप रस्त्यात निघाली होती, सांधा फुटला होता, आणि ज्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला डॉक्टर निघाले होते तिच्या डोक्यावर त्यांच्या अक्षता पडल्याच नव्हत्या. सभ्य माणूस. ओरडले नाहीत. "मिस्त्री, तुमच्या भरवशावर निघालो होतो," एवढंच म्हणाले. शेडमध्ये सात-आठ माणसं होती. तुम्ही गाडीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "पोरीनं केलतं ते, डॉक्टरसाहेब. डावरी हाय ती. माझीच चुकी झाली, तिला हात लावू दिला." मी म्हणाले, "आप्पा, ती क्लिप तर तुमीच परत..." आणि तुमचा हात माझ्या गालावर बसला. उजवा. त्याच हातानं तुम्ही रॉकेलचा डबा माझ्याकडं सरकवलात. "जा, हात धू. परत त्या हाताला ग्रीस लागू द्यायचं न्हाई." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी जवळून ऐकल्या. डॉक्टरांनी माझ्याकडं इतक्या दयेनं बघितलं की थपडेपेक्षा तेच जास्त लागलं.

दिवाळी झाली आणि माझं लग्न झालं. तुम्ही मला सागवानी पोळपाट-लाटणं दिलंत, सुताराकडं स्वतः बसून करून घेतलेलं. मांडवात म्हणालात, "लाटणं दोन्ही हातांनी धरत्यात. तिथं डावं-उजवं न्हाई." बायका हसल्या, मीही हसले. पोळपाट अजून वापरते. चांगला आहे, ते नाकारत नाही.

थपडेचं मला एवढं काही नाही, तेव्हा घरोघरी सगळ्यांनाच बसायच्या. पण वर्षं गेली तशी मला माझ्याच आठवणीची खात्री वाटेना. तुम्ही खरंच क्लिप बदलली होती का? की माझीच नुसती ठोकली होती? गेवराईत तर सगळ्यांना माहीत होतं की पोरीच्या डाव्या हातानं घात केला. सगळ्यांना माहीत असलेलं एकटीनं किती दिवस नाकारायचं? गॅसचा रेग्युलेटर बसवला की मी नवऱ्याला म्हणायचे, "एकदा बघता का?" प्रयोगशाळेत स्टँडचा स्क्रू आवळला की शिपायाला हलवून बघायला लावायचे. पंचवीस वर्षं, आप्पा. या हातानं आवळलेली एकही गोष्ट मी दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सोडली नाही.

रविवारी नवीन बुटांचा खोका उघडला. आत एक घडी घातलेला कागद असतो. तुम्हाला तो चांगला माहीत आहे, कारण खोका उघडला की तुम्ही आधी त्याला हात पुसायचात. मला प्रयोगशाळेची सवय, बाटली उघडायच्या आधी चिठ्ठी वाचायची. म्हणून वाचला. वाचता आलं नसतं तरी चाललं असतं, त्यात चित्रच होतं: चाक कुठल्या अंगाला फिरतं त्याचा बाण, आणि क्लिपचं शेपूट कुठल्या अंगाला दुमडायचं त्याचा दुसरा बाण. उसाच्या पाल्यावरून हात फिरवला तर एका बाजूनं गुळगुळीत लागतं आणि दुसऱ्या बाजूनं बोट कापतं. क्लिपचंही तसंच. दुमडलेलं टोक फिरण्याच्या मागं राहिलं तर दगड-माती त्यावरून घसरून जाते. पुढं आलं तर प्रत्येक फेरीला रस्ता त्याला थोडं थोडं उचकटतो. आता गाडीच्या बाहेर उभं राहून बघा. डावं चाक एका अंगानं फिरतं, उजवं दुसऱ्या. म्हणजे दोन्हीकडच्या क्लिपा एकमेकींच्या उलट दुमडायला हव्यात. उजव्या हाताचा माणूस न बघता काम करत गेला तर तो दोन्हीकडं एकाच अंगाला दुमडतो. उजवीकडं बरोबर, डावीकडं चूक. मी कागद हातात घेऊन गाडीखाली सरकले. उजवीकडची तुमची क्लिप अजून घट्ट होती. डावीकडचं शेपूट वर उचकटलेलं, आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडून वाळलेलं.

दुसऱ्या मिस्त्रींना तुम्ही हसायचात, नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचात. तुमचं अंगण जन्मभर डावीकडं वाकडं राहिलं आणि तुम्ही खड्ड्यांना नावं ठेवलीत. डाव्या चाकाची क्लिप न बघताही बरोबर दुमडेल असं एकच माणूस तुमच्या शेडमध्ये होतं. तिची क्लिप तुम्ही उचकटून फेकलीत.

मी धाकट्याला खाली बोलावलं. त्यानं टॉर्च मारून बघितलं. "आप्पांची सवयच ती. मी बी तसंच दुमडतो."

"म्हणून तुझ्याकडं बी डावेच बूट येतात."

"डावं चाक कडंला चालतंय, ताई. खड्डे तेच..." एवढं बोलून तो थांबला. कागद घेतला, बराच वेळ उलटासुलटा केला. मग हळूच म्हणाला, "आता हे कुणाला सांगू नको. गेलेल्या माणसाचं कावून काढायचं?"

"माझं तर मी जित्ती असताना काढलं होतं," मी म्हणाले. "सात-आठ माणसांत."

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि तुमच्या फोटोच्या खिळ्याला ती ओढून काढलेली डावी क्लिप अडकवली, हाराच्या शेजारी. खाली तो कागद चिकटवला. गिऱ्हाईक विचारणार, ही काय भानगड, आणि धाकट्याला सांगावं लागणार. शेजारी हे पत्र चिकटवलं की त्याला सांगायचेही कष्ट नकोत. मला फार बरं वाटलं, आप्पा. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

मग कामाला लागलो. डावीकडचा सांधाच बदलावा लागला, मग त्यावर नवा बूट चढवला आणि क्लिप मी डाव्या हातानं ओढून, दुमडून, तीन ठोक्यांत बसवली. कागदाशी ताडून बघितली, अगदी बरोबर. धाकटा चहा आणायला गेला. उजवीकडचं मी एकटीनं घेतलं. खोक्यात एक क्लिप कमी निघाली म्हणून तुमच्या बिस्किटाच्या डब्यातली जुनी घेतली. डाव्याच हातानं ओढली, दुमडली, ठोकली. ठोकताना मी तुमच्या फोटोकडं बघत होते, बहुतेक तोंडानं काही बोलतही होते. मग नजर खाली कागदावर गेली.

उलटी दुमडली होती. मी दोन्हीकडं एकाच अंगाला दुमडली होती. एकदा दुमडलेली क्लिप परत वापरता येत नाही. मी ती उचकटून खाली टाकली, डब्यातून दुसरी घेतली आणि या वेळी उजव्या हातानं दुमडली, डावा मांडणीच्या पायाला बांधून तुम्ही शिकवलेल्या हातानं. ती नीट बसली.

धाकटा चहा घेऊन आला. जमिनीवर पडलेली ती गंजलेली क्लिप त्यानं उचलली. "ही बी आप्पांचीच का?"

"त्यांचीच," मी म्हणाले.

त्यानं स्टूल ओढलं, वर चढला आणि ती पहिलीच्या शेजारी अडकवली. खाली उतरून चहा पीत तो बराच वेळ दोन्हींकडं बघत होता. "लई वर्सं आमी उगाच खड्ड्यांना शिव्या दिल्या," म्हणाला.

गाडी आता अंबाजोगाईला दारात उभी आहे. पूर्ण वळवली तरी आवाज येत नाही. परवा सिलिंडर बदलला, रेग्युलेटर बसवला आणि कुणालाही बघायला बोलावलं नाही. हे पत्र मात्र चिकटवता येणार नाही. धाकटा चहा आणायला गेला तिथपर्यंतचंच तेवढं उतरवून काढून चिकटवावं असं मनात आलं होतं, दोनदा कागदही घेतला. मग घडी घालून पोळपाटाखाली सरकवायचं ठरवलं. तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. खिळ्यावरची दुसरी क्लिप माझी आहे, आप्पा. ती तुमच्याच नावावर राहू दे.