अँड्र्यू फ्लेट 'शेवी' यांस मृत मानून मिळण्याबाबत

पोर्टलेनी,
दि. २ सप्टेंबर १९७५

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
स्ट्रॅथलेनी हायलँडर्स पायदळ रेजिमेंट,
किलब्रेनी छावणी.

विषय : पहिल्या महायुद्धात मेलेला शिपाई जिवंत व जगलेला शिपाई मेलेला दाखवल्याबाबत, तसेच गुन्हा आहे त्याच नावावर ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ११ जुलैचे पत्र.

महोदय,

१. माझे आजोबा अँड्र्यू फ्लेट यांच्या सेवेची माहिती मी मागितली होती. त्यांना फेब्रुवारी १९१७ मध्ये, रणभूमीवरून पळाल्याबद्दल, आपल्याच रेजिमेंटने गोळ्या घातल्याचे आपण कळवलेत. माझ्या वडिलांचा जन्म १९२१ चा असल्याने मी त्यांचा नातू असणे संभवत नाही, असेही सौजन्याने निदर्शनास आणलेत. आजोबा यंदा मार्चमध्ये न्याहारी करता करता वारले. कबरीत पेटी उतरवताना एक दोरी माझ्या हातात होती आणि दोरीला वजन होते.

२. आमच्या गावात निम्मी माणसे फ्लेट आहेत व त्यांतले बरेच अँड्र्यू. म्हणून प्रत्येक घराण्याला टोपणनाव असते आणि ते शाळेच्या हजेरीत, किराण्याच्या बिलावर, थडग्यावरही लागते. १९१५ साली तीन अँड्र्यू फ्लेट एकाच रांगेत भरती झाले : बोसी (माझे आजोबा), शेवी आणि डंपी. तिघे एकमेकांचे चुलतभाऊ. भरतीच्या कारकुनाने तिन्ही टोपणनावे खोडली. "इथं राजाचं सैन्य भरती होतंय, कुत्र्यांचं प्रदर्शन नाही," असे तो म्हणाला. नावांऐवजी त्याने गळ्यात घालायला नंबरचे बिल्ले दिले.

३. आमच्याकडे बुडालेला माणूस त्याच्या जर्सीवरून ओळखतात. प्रत्येक घरची बाई आपली वीण घालते. चेहरा माशांनी खाल्ला तरी वीण राहते. सबब या तिघांना नंबराचे महत्त्व कधी पटलेच नाही. उवांसाठी कपडे उकळताना बिल्ले तंबाखूच्या एका डबीत टाकायचे आणि हाताला येईल तो गळ्यात घालायचा, अशी त्यांची रीत होती. जर्सी मात्र कोणी बदलली नाही.

४. जानेवारी १९१७ च्या रात्रीच्या धाडीत बोसीच्या गळ्यात शेवीचा बिल्ला होता आणि शेवीच्या गळ्यात बोसीचा. खंदकात उतरल्यावर आजोबांनी एका जर्मनाच्या तोंडावर खिळ्यांचा सोटा हाणला, तो पडल्यावरही हाणतच राहिले, आणि सोटा उचलला तेव्हा खिळे त्यात नव्हते. मग त्यांनी सोटा खाली ठेवला व ते मागच्या दिशेने चालू लागले. एका कॉर्पोरलने "फ्लेट मागे गेला" एवढेच पाहिले. वाटेत तोफेच्या गोळ्याने त्यांची मांडी फोडली. इस्पितळाने बिल्ला वाचून 'शेवी जखमी' असे कळवले, अर्थात नंबराने.

५. खरा शेवी तेव्हा दोन खंदकांमधल्या एका खड्ड्यात, मोडक्या घोट्यानिशी, एका प्रेताखाली पडून होता. कोपरांवर सरपटत तो तिसऱ्या दिवशी परतला. शेवीचा नंबर इस्पितळात व डंपीचा हजर असल्याने पळालेला फ्लेट बोसीच्या नंबराचा, असे तोवर ठरले होते; गळ्यात तोच बिल्ला असल्याने त्याला तिथेच अटक झाली. त्याला ओळखणारे बहुतेक धाडीतच मेले होते व डंपीला कोणी बोलावले नाही. कोर्टापुढे तो म्हणाला, "साहेब, मी शेवी. मागं गेला तो बोसी." पट तपासण्यात आला. शेवी किंवा बोसी नावाचा कोणीही शिपाई पटावर नव्हता. नोंदी व्यवस्थित ठेवल्याचा हा फायदा.

६. ही हकीकत मला आजोबांच्या अंत्यविधीनंतरच्या चहाच्या वेळी समजली. पाद्रीसाहेब त्यांच्या शौर्याबद्दल बोलत असता डंपी (वय ७९) यांनी हॅमची बशी भिंतीवर फोडली.

"शूर? अरे, याच्या वाटच्या गोळ्या शेवीनं खाल्ल्या! मी घातल्यात!"

माझे काका गिल्बर्ट यांनी त्यांचे दोन दात पाडले. डंपींनी काठीने काकांचे कपाळ उघडले. मी मधे पडलो व माझे नाक मोडले. कोणी मोडले याबाबत माझी तक्रार नाही. तोंडातले रक्त बशीत थुंकून डंपींनी पुढचे सांगितले. गोळ्या घालणाऱ्यांत त्यांचा नंबर लागला होता. कैद्याच्या डोक्यावर पोते होते. सार्जंटने कोट उघडून नेमासाठी छातीवर पांढरे कापड टाचले, तेव्हा त्याखालची जर्सी दिसली. "हा शेवी आहे!" असे डंपी ओरडले. सार्जंटने त्यांच्या मानेला पिस्तूल लावले : "माणूस बघू नकोस, कापड बघ." डंपींनी कापड बघितले. पहिल्या फैरीने जीव गेला नाही. उरलेले काम पिस्तुलाने झाले. इतकी वर्षे गप्प का राहिलात, असे विचारता ते म्हणाले, "बंदूक माझ्याच हातात होती ना, बाळा."

७. शेवीची पत्नी एल्स्पेथ (वय ८४) त्या वेळी स्वयंपाकघरात हॅम कापत होत्या. चाकूसह त्या बाहेर आल्या. त्यांनी डंपींना विचारले,

"वीण कसली होती?"

"नागमोडी. अन् डाव्या बाजूला, मधेच एक गाठ."

"गाठ माझी चुकली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, परत आला की उसवून नीट करीन."

नंतर त्यांनी तो चाकू आजोबांच्या तसबिरीत, पदकाच्या किंचित वर, मुठीपर्यंत खुपसला. तो आम्ही काढलेला नाही.

८. १९१९ मध्ये आजोबा कुबडीवर घरी आले, शेवी आला नाही. एका अँड्र्यू फ्लेटला पळाल्याबद्दल गोळ्या घातल्याचे गावाला कळले होतेच, तेव्हा पळपुटा कोण होता ते गावाने आपापसात ठरवून टाकले. आजोबांनी ते ठरू दिले. दर शनिवारी ते एल्स्पेथबाईंच्या दारात एक मासा ठेवत. बाई तो शिजवून खात, शेजारधर्म समजून. विधवेचे निवृत्तिवेतन मागितल्यावर आपल्या कार्यालयाने त्यांना कळवले होते, की त्यांचे पती जखमी होऊन पोर्टलेनीतच राहतात, तरी त्यांच्याकडेच मागावे.

९. गावच्या स्मारकावर शेवीचे नाव नाही. दर नोव्हेंबरात, युद्ध संपल्याच्या दिवशी, लोक फुले वाहतात तेव्हा बाई मासे खारवण्याच्या शेडच्या भिंतीला टेकून उभ्या असतात. यंदा राहिलेली नावे कोरायला पाथरवट येणार आहे. समितीचे अध्यक्ष म्हणतात, "दगडावर जागा आहे हो, पण रेजिमेंटचा कागद आणा." डॉक्टरांच्या मते बाईंचा पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर धरून चालू नये.

१०. तरी विनंती, की आपली नोंद पूर्णपणे दुरुस्त करू नये. ती अर्धी बरोबर आहे. पळाला तो बोसीच होता, हे आपल्या कार्यालयाने चुकून खरे लिहिले आहे. ते तसेच राहू द्यावे व माझ्या आजोबांना केवळ जिवंत करावे. शेवी निर्दोष होता आणि आपल्याच गोळ्यांनी मेला, एवढे एका ओळीत लिहून द्यावे. गिल्बर्टकाका यास सहमत नाहीत. ते माझ्याशी बोलत नाहीत. परवा त्यांनी माझ्या खिडकीतून दगड टाकला. थोरला नातू म्हणून आजोबांचे नाव व टोपणनाव दोन्ही माझ्याकडे आली आहेत, त्यामुळे हा अर्ज करण्याचा अधिकार माझा आहे असे मी समजतो.

सहीतले शेवटचे नाव कृपया खोडू नये.

आपला नम्र,
अँड्र्यू फ्लेट 'बोसी'

सोबत :
(अ) डंपी यांचे शपथपत्र. डाग रक्ताचा आहे, मजकूर वाचता येतो.
(ब) आजोबांचे पदक, परत.
(क) एल्स्पेथबाईंनी नव्याने विणलेला, जर्सीच्या डाव्या छातीचा तुकडा. गाठ मुद्दाम तशीच ठेवली आहे. भोके नाहीत, ती आपल्याकडची होती.