पोट काढलेली खिडकी

१२ जानेवारी १९५९

परत बाबांचं तेच! "काच बघून गिरायक भितर येणा नाय. पुढल्या म्हयन्यात खिडकी काढून सरळ फळये बसयतलंय."

आमचं कापडाचं दुकान म्हणजे कुणा इंग्रज व्यापाऱ्याचं जुनं घर. रस्त्यावर पोट काढून उभी अशी खिडकी वेंगुर्ल्यात दुसरी नाही — बारीक चौकोनी काचा, आत बसायला रुंद फळी. बाजाराची दोन्ही टोकं दिसतात. माझी जागा ती!

१५ जानेवारी

उद्या मला बघायला येतायत. हरिश्चंद्र. मुंबईत घरांचे नकाशे काढतो. मुंबई!!

१६ जानेवारी

मेला माझ्याकडे बघेचना! पोह्यांची बशी पुढे केली, तर हा वर तुळया बघतोय. मग खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत बसला. त्याची आई दोनदा खाकरली. शेवटी मला विचारलं काय — "ही कुणी बांधली?" स्वयंपाक नाही, शिवण नाही — खिडकी!

म्हटलं, थांब. सांगितलं, साहेबाची मडम फार जाडी, ती मावेना म्हणून पुढे काढली. तुळया बुडालेल्या गलबताच्या. छपरातली छोटी खिडकी माकडांना यायला-जायला. हा गंभीरपणे ऐकतोय! दाराआडून आई — "गो सुशीले, गप रव!"

निघताना बाबांना म्हणाला, "ही मोडू नका. अशी मी मुंबईतही पाहिली नाही." बाबा चष्मा लावून काचा बघायला लागले.

१७ जानेवारी

परत आला! एकटाच, हातात मापाची फीत. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं — मी धरलं.

"मडम नक्की केवढी होती?" चेहरा अगदी सरळ! मला हसू आवरेना. टोक सुटलं, ते थेट त्याच्या नाकावर. तेव्हा कुठे माझ्याकडे नीट बघितलं त्याने. डोळ्यांत पाणी होतं — पण ते नाकामुळे.

२० जानेवारी

बाबांनी सुताराला नको म्हणून सांगितलं. शेजारच्या सत्यवतीला मी सांगून टाकलं — लग्न झालं की मी रोज ट्राममधून फिरणार. जळली!

२८ जानेवारी

त्याचे मामा आले. मुलगी पसंत. पण तो मुंबई सोडतोय. लोकांची घरं कागदावर काढून कंटाळलो, म्हणतो. इथेच राहणार, दुकान बघणार. घरजावई!

"तुझा काय गो?" बाबांनी विचारलं.

हो म्हटलं. आणि आत जाऊन मुंबईसाठी मनसोक्त रडले.