आक्सल आणि अण्णाचा कट्टा

२७ जुलै, रविवार

मोडलं! तेही उचगावात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!

जीपच्या शर्यतीच्या सरावाला गेलतो. चिखलातनं जीप चढाला घातली, गियर टाकला, आणि मागनं कडाड्‌कन आवाज. बघतो तर काय — माझंच मागचं चाक मला मागं टाकून पुढं निघालेलं! भाताच्या खाचरातनं उड्या मारत गेलं आणि बांधाला जाऊन आडवं झालं. आक्सलचा, म्हणजे चाकांच्या आसाचा, दांडा मोडून चाकासकट बाहेर. पोरं शिट्ट्या मारायला लागली. एक म्हातारा बांधावरनं म्हणला, "चाक पहिलं आलं, गाडी कवा यायची?"

चोवीस ऑगस्टला शर्यत. वडलांच्या, आप्पांच्या वेळची जीप घेऊन ह्या साली उतरणार म्हणून उद्यमबागेत कारखान्यातल्या अख्ख्या शॉपला सांगून बसलोय. आता घ्या!

२८ जुलै, सोमवार

ट्रॅक्टरनं मागची बाजू उचलून जीप कंग्राळीला आणली, बोळातनं आत घेतली, घरामागच्या परड्यात लावली. भरमू मिस्त्री म्हणला, गॅरेजला आणा. दिपाली मधेच, "गॅरेजात गेली की दिवाळीलाच परत येतीया. हितंच करा, परड्यात, डोळ्यासमोर." लग्नापासनं पहिल्यांदा बायको जीपच्या बाजूनं बोलली. नवलच!

बोळातनं आत घेताना अण्णा कट्ट्यावर बसलेला. मी वर आभाळात बघितलं. त्यानं खाली पायाकडं बघितलं. नेहमीचंच.

पुढचं घर अण्णाचं — माझा थोरला भाऊ, मष्णू. मागचं माझं. बाहेर पडायला हा एकच बोळ. वाटणी अगदी शांततेत झालेली. मग ह्यानं बोळात बसायला दगडी कट्टा बांधला. मी म्हटलं, "रस्ता काय बापाचा हाय व्हय?" तो म्हणला, "बापाचाच हाय!" सगळी गल्ली खदाखदा हसली. माझं डोकं फिरलं. तिथंच शपथ घेतली, कट्टा पडल्याबिगर ह्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. तो म्हणला, "तोंडानं माग, पाडतो."

नऊ वर्षं झाली. मी मागितलं नाही, त्यानं पाडला नाही. जीप दोन्ही बाजूला दोन-दोन बोटं ठेवून जाते. मी कुणावाचून काय अडू देत नाही!

२ ऑगस्ट, शनिवार

निपाणी. जिनपालशेठकडं. जुन्या गाड्यांचे भाग विकतो, आवार असं की शिरलं की माणूस दुपारपर्यंत बाहेर येत नाही. दिपाली पण आलती. म्हणली साड्या बघायच्यात. साड्या राहिल्या बाजूला, माझ्या मागं मागं आक्सलांतच फिरत होती.

जिनपालशेठनं तीन काढून दाखवली. पहिलं माझ्या जीपच्याच मापाचं, फक्त दांडा जाड. दुसरं पिकअपचं. तिसरं ट्रकचं — त्याकडं मी बघतोय म्हटल्यावर शेठ म्हणला, "हे घालायचं तर आधी ट्रक घ्या." आणि कामगाराला कन्नडात काहीतरी सांगून दोघं हसले. मला कन्नड येतंय हे त्यांना माहीत नव्हतं. जाऊ दे.

माझा जीव पहिल्यावर. माप बसतंय, काम सोपं. पण शेठ पिकअपचंच गुण गायला लागला. "ह्यात गाडीचं वजन बाहेरची नळी पेलतीया. दांड्यानं नुसतं फिरवायचं. मोडला तरी चाक सोडून जात न्हाय, रवळूराव."

हे मात्र काळजाला लागलं.

दिपाली तेवढ्यात पिकअपच्या आक्सलला वीत लावून बघायला लागली. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत! ओठ हलवत मोजतीया. मी शेठला डोळा मारला. म्हटलं, बायकांना ह्यातलं काय कळतंय? ती उठली, पदर झटकला आणि म्हणली, "हेच घ्या. मोठ्ठं हाय. परत मोडलं तर मी ढकलाया येणार न्हाय."

घेतलं. तसं माझ्या मनात तेच होतं.

९ ऑगस्ट, शनिवार

भरमूचं काम जोरात. स्प्रिंगांचे पाटे बसवायच्या बैठका नळीवर वेल्डिंग करून टाकल्या. "आता जन्मात हलत न्हाय, मालक!" दिपालीनं त्याला दोनदा चहा दिला, वर गरम भजी. मी मागितली तर म्हणली, संपली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

लिहू का नको? लिहितोच. इथं कोण बघतंय!

झेंडावंदन करून आलो. सुट्टी. जीप तयार. नारळ फोडला, स्टार्टर मारला, एका झटक्यात चालू. पुढची चाकं कट्ट्याजवळनं झकास गेली, दोन बोटं इकडं, दोन तिकडं. भरमू ओरडला, "पुढचं गेलं म्हंजे मागचं जाणारच की, मालक! येऊ द्या!"

आलो. आणि घर्रर्र... ठप्प.

नवं आक्सल जुन्यापेक्षा रुंद. पुढचं मात्र जुनंच. एका बाजूचं चाक शेजारच्या भिंतीला, दुसऱ्या बाजूचं अण्णाच्या कट्ट्याला. मी अजून जोर दिला — आक्सल मजबूत आहे ह्याची तेवढी खात्री पटली — तर गाडी आणखी घट्ट बसली. मागं घ्यायला गेलो तर शेजाऱ्याचं प्लास्टर पडलं. अर्धी जीप गल्लीत, अर्धी बोळात.

दिवसभर कारखान्यात केसाएवढा फरक पकडून पोरांना शिव्या घालणारा माणूस मी. घरचा बोळ मोजला नाही! लाज म्हणजे किती लाज!

भरमू म्हणला आक्सल काढून जुन्या मापाचं घालू, पण शर्यतीच्या आत होणार नाही. आणि हात धुऊन गेला.

१६ ऑगस्ट, शनिवार

आता जीप म्हणजेच आमचं दार. मागनं चढायचं, सीटवरनं बॉनेटवर, बॉनेटवरनं गल्लीत. मोटरसायकल आतच अडकली. बसनं उद्यमबागेत गेलो. शॉपमध्ये आधीच पोचलं होतं! कसं पोचतंय हे?

१७ ऑगस्ट, रविवार

अण्णा कट्ट्यावर चहा घेऊन बसला. माझ्या टायरला पाठ टेकून! कट्ट्याला लागूनच त्याचा गोठा. चंद्री म्हैस रवंथ करत उभी. अण्णा तिला म्हणला,

"काय गं चंद्रे, कुणाची तरी गाडी अडकली वाटतं."

मी सीटवर बसलेलो. मला पण तोंड आहे. म्हटलं, "चंद्रे, सांग त्यास्नी. कट्टा रस्त्यात हाय म्हणावं."

"चंद्रे, कट्टा नऊ वर्सं हितंच हाय. आक्सल परवा आलंय."

मी हॉर्न वाजवला. म्हशीनं कान हलवले.

शपथ काही मोडली नाही. म्हशीशी बोलायची बंदी नव्हती.

२० ऑगस्ट, बुधवार

रोज संध्याकाळी हेच. आज मी चंद्रीला सांगितलं, रविवारी उचगावात शर्यत आहे. अण्णा तिला म्हणला, "ठावं हाय. समद्या कंग्राळीला ठावं हाय." मग टायर थोपटत, "आप्पांच्या गाडीचं चाक खाचरात पळालं म्हणं. ऐकून वाईट वाटलं बघ, चंद्रे."

मला पण वाटलं वाईट. ह्याच जीपवर अण्णानं मला गाडी शिकवली. कसं बोलावं? नऊ वर्षं गिळलेलं एकदम कसं बाहेर काढायचं?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

म्हैस कंटाळली. मीपण.

२३ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी कामावरनं आलो, बॉनेटवर चढलो — गोठा रिकामा! अण्णाची बायको मालूवैनी चंद्रीला घेऊन तळ्यावर गेलेली. ह्या वेळेला? कट्ट्यावर अण्णा एकटा. वर मी एकटा. आता बोलायचं कुणाशी?

तो इकडं बघेना, मी तिकडं बघेना. उद्या शर्यत. आणि तोंडातनं आपोआप निघालं, "अण्णा..."

त्यानं मान वर केली. "काय रं?"

"कट्टा पाड की."

"एवढंच? ह्याला नऊ वर्सं लागली व्हय रं, बाळ्या?"

बाळ्या! मी अडतीस वर्षांचा घोडा. पण डोळ्यांत पाणी आलं. आलं ते आलं. अण्णानं कट्ट्याच्या आडोशाची पहार काढली — तिथंच ठेवलेली! — आणि दोघांनी मिळून अर्धा कट्टा खणून काढला. जीप सुटली तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. अर्धा कट्टा राहू दे म्हटलं. बसायला लागतो.

२४ ऑगस्ट, रविवार

अण्णा शेजारच्या सीटवर. सगळ्या उचगावासमोर ओरडत होता, "क्लच सोड रं, गाढवा!" सोडला. चिखल अंगभर. खालनं दुसरा नंबर आला. पण आक्सल मोडलं नाही! चारी चाकं घरी आली. येताना अण्णानं चालवली. लई बरं वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

मालूवैनीकडं जेवायला गेलतो. आमटी ओळखीची लागली. म्हटलं, वैनी, ही तर दिपालीची चव. वैनी हसत बोलून गेली, "तिचीच की. रोज परड्याच्या भिंतीवरनं वाटी येतीया, नऊ वर्सं. ह्या खेपेला भाऊजी, गाडी अडकावी म्हणून बोळ मी वितीनं मोजला, आक्सल तिनं मोजलं. म्हैस तळ्यावर न्यायचं तेवढं उशिरा सुचलं."

आणि मी गावभर सांगत फिरतोय, आक्सल मी निवडलं!