गाडी खोलायची नाही

धुळे, ४ ऑगस्ट २०२५

चि. दिपमालास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो नाना’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. तू बनवलेली केळीचे घड वाहायची गाडी कॉलेजने अजून का ठेवून घेतली आहे? परीक्षा झाली, पहिला नंबर आला. तुझ्या रत्नामॅडम फार गोड बोलतात, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकते. कोणी कारखानदार मापं घेऊन जाईल आणि आपण बसू हात चोळत. रविवारी भाईदासचा टेम्पो जळगावला येतो आहे, त्यात गाडी चढवून दे. तोवर कुणाला खोलू देऊ नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस, असं तुझी आई सांगते.

आशीर्वाद आहेतच.
नाना

जळगाव, १२ ऑगस्ट

ती. नानांस शि. सा. न.

टेम्पो रिकामा पाठवला, रागावू नका. इथे जुन्या मुलांच्या वस्तू नव्या मुलांना खोलायला देतात. काय टिकलं, काय तुटलं हे बघून ती आपली वस्तू बनवतात. मीही एका सिनिअरची पाठीवरची टोपली उसवूनच शिकले. पण नाना, ‘खोलू देऊ नकोस’ हे तुम्ही फोनवरही दोनदा बजावलंत. परीक्षेआधी रंग द्यायला गाडी दोन दिवस तुमच्या वर्कशॉपात होती. आता मलाच शंका येते. सोमवारी खोलणार आहेत. काही सांगायचं असेल तर त्याआधी कळवा.

आईला नमस्कार, तुमची माया असू द्या.
दिपमाला

जळगाव, १९ ऑगस्ट

ती. नानांस शि. सा. न.

तुमचं उत्तर आलं नाही. काल गाडी खोलली. माझ्या आराखड्यात चाकाचा आस बाभळीचा, आत निघाला लोखंडी. टोकांना लाकडी टोप्या. तुमच्या हातची सफाई मी लगेच ओळखली. यावलच्या मजूर बायकांना मळ्यातच बदलता यावा, म्हणून तर तो लाकडी होता! मॅडमना मी सगळं सांगितलं. पहिला नंबर त्यांनी काढून घेतला, बरोबरच केलं. माझा आस तुटला म्हणून बदललात ना? असेल तसा पाठवा. मुलांना तोही बघायचा आहे.

दिपमाला

धुळे, २३ ऑगस्ट

चि. दिपमालास आशीर्वाद.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझंच. पोरी, तुझा आस तुटला नव्हता. सर्वांसमोर तुझी फजिती होईल या भीतीने मी त्याच्यावर वजन न टाकताच तो काढला. आज सकाळी दोन स्टुलांवर आडवा ठेवून दहा घडांइतकं लोखंड टांगलं. पोरनं काम पक्कं शे, असं तुझी आई दर तासाला येऊन सांगते आहे. संध्याकाळ झाली, आस वाकलासुद्धा नाही.

सोमवारी तो घेऊन मी स्वतः येतो. मॅडमना सांगायचं ते सांगेन, मुलांनाही सांगेन. पण नंबर परत देताना तू तिथे एकटी उभी होतीस, त्याचं काय करू ते कळत नाही.

तुझा नाना